सायकलीची वहिवाट



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांनी आपली सारी हयात तंत्रशाळेतील मुलांना यंत्र उघडून पाहण्यास शिकविण्यात वेचली. तेव्हा त्यांच्या स्मृतीस अभिवादन करताना एखाद्या यंत्राविषयीच बोलावे, आणि यंत्रही असे निवडावे की जे या सभागृहातील बहुतेकांनी कधी ना कधी आपल्या पायांनी चालविलेले आहे, हे मला उचित वाटले.

सायकलीचा विषय निघाला की तिच्या सुटसुटीतपणाचे, स्वस्ताईचे आणि आरोग्यदायित्वाचे गुणगान करण्याचा प्रघात आहे, व ते गुण खरेही आहेत. परंतु मला आज जे सांगावयाचे आहे ते याहून थोडे निराळे आहे. सायकलीचा दोनशे वर्षांचा इतिहास जसजसा न्याहाळावा, तसतसे असे दिसून येते की तिच्या रचनेतील बहुतेक प्रत्येक मोठी सुधारणा ही त्या त्या काळच्या रस्त्याला दिलेले उत्तर होती, आणि तिच्या भाग्याचे चढउतारही यंत्राच्या गुणदोषांपेक्षा रस्त्यावर तिला मिळालेल्या अथवा नाकारल्या गेलेल्या वहिवाटीनेच ठरत आले. हे प्रमेय मी आपणापुढे क्रमाने मांडणार आहे.

आरंभ जर्मनीतील बाडेन संस्थानात होतो. तेथील वनखात्याचा एक अंमलदार, कार्ल फॉन ड्राइस, १८१७ च्या जून महिन्यात मानहाइम शहरातून एका लाकडी यंत्रावर बसून निघाला आणि श्वेट्झिंगेनच्या वाटेवरील टपालचौकीपर्यंत जाऊन तासाभराच्या आत परत आला. एकापाठीमागे एक अशी दोन चाके, मध्ये बैठक आणि पुढचे चाक वळविण्याची दांडी, एवढाच त्या यंत्राचा सरंजाम; पायडल नव्हते, स्वाराने पायांनी जमीन रेटीत जावयाचे. त्याआधी दोन वर्षे तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला होता, १८१६ साली युरोपात उन्हाळा असा पडलाच नाही, पिके बुडाली आणि घोड्यांचा दाणा दुर्मिळ झाला. त्या दुर्भिक्षातून घोड्यावाचून चालणाऱ्या वाहनाची कल्पना निघाली असावी, असा काही इतिहासकारांचा तर्क आहे. कल्पना कोठूनही येवो, ड्राइसचा खरा शोध हा की दोन चाकांवर तोल सांभाळता येतो. ज्या बाजूला पडावयास झाले त्याच बाजूला चाक वळविले, म्हणजे चाके शरीराच्या भाराखाली परत येतात आणि पडणे टळते. सायकल शिकणारे प्रत्येक मूल भीतीच्या पोटी नेमके याच्या उलट करू पाहते, आणि ज्या क्षणी ते हा नियम देहाने मान्य करते त्या क्षणी त्याला सायकल येते. हे तत्त्व वाटते तितके सोपे नाही. फिरत्या चाकाच्या भवऱ्यासारख्या गुणामुळे आणि पुढचे चाक वळणाच्या आसाच्या रेषेमागे किंचित अंतरावर जमिनीला टेकत असल्यामुळेच सायकल स्वतःला सावरते, असे दीर्घकाळ मानले जात असे. परंतु २०११ साली हॉलंड आणि अमेरिका येथील पाच संशोधकांनी या दोन्ही गुणांचा परिणाम नाहीसा केलेले एक यंत्र बनविले, आणि तेही स्वारावाचून आपला तोल राखीत धावले. म्हणजे दोनशे वर्षे वापरात असलेल्या या यंत्राचे गूढ आपल्या पिढीपर्यंत पुरते उलगडलेले नव्हते.

एवढे असूनही ड्राइसचे यंत्र टिकले नाही, कारण बैलाघोड्यांच्या गाड्यांनी चाकोऱ्या पाडलेल्या रस्त्यांवर त्याचा तोल राहीना. स्वार पादचाऱ्यांच्या पदपथावर येऊ लागले, पादचाऱ्यांनी फिर्यादी केल्या, आणि १८१७ सालीच खुद्द मानहाइम शहराने पदपथावर हे यंत्र चालविण्यास मनाई केली; मिलान, लंडन व न्यूयॉर्क येथेही अशीच मनाई झाली. रस्त्यावर जाता येत नाही आणि पदपथावर जाऊ दिले जात नाही, अशा कात्रीत पहिली सायकल नामशेष झाली. यंत्र चुकले म्हणून नव्हे, त्याला चालावयास जागा नव्हती म्हणून.

यानंतर सुमारे अर्धशतकाने पॅरिसमध्ये पुढच्या चाकाच्या आसालाच पायडल बसविले गेले, आणि पाय जमिनीवरून उचलले गेले. मात्र या रचनेत पायडलाचा एक फेरा म्हणजे चाकाचाही एकच फेरा. तेव्हा वेग वाढवावयाचा तर चाक मोठे करणे एवढाच उपाय उरे. मोठे चाक खाचखळग्यांवरूनही अधिक सुखाने जाते. म्हणून पुढचे चाक वाढत वाढत सुमारे दीड मीटर व्यासाचे झाले, आणि ते थांबले ते केवळ मनुष्याच्या पायाची लांबी संपली म्हणून. एवढे मोठे चाक लाकडाचे असते तर ते हलविणेच अशक्य झाले असते. ते शक्य झाले ते ताणलेल्या तारांच्या चाकामुळे, आणि या चाकापाशी थोडे थांबणे मला आवश्यक वाटते.

कोणत्याही जुन्या पेठेतील सायकलीच्या दुकानासमोर घटकाभर उभे राहून कारागीर चाकाचा आउट कसा काढतो ते पाहावे. सायकल उलटी करून तो चाकाला हलका झोका देतो आणि रिमेच्या अगदी निकट खडू स्थिर धरतो. जेथे रीम बाहेर आलेली असेल तेथे खडूची रेघ उमटते. मग तेवढ्याच टापूतील एका बाजूचे स्पोक तो किल्लीने पाव आटा कसतो, समोरच्या बाजूचे पाव आटा सैल करतो, आणि पुन्हा चाक फिरवितो. बोटाने तारा छेडून त्यांच्या नादावरून ताणाचा अंदाज घेतो. आणि शेवटी खडूची रेघ सबंध रिमेवर सारखी उमटू लागली की समाधानाने मान हलवितो. हा कारागीर काय करीत असतो? बैलगाडीच्या चाकात तुंब्यावरचे ओझे खालचा लाकडी आरा दाब सोसून तोलतो. सायकलीची दोन मिलिमीटर जाडीची तार दाब सोसू शकत नाही, ती वाकून जाईल. म्हणून सगळ्याच तारा आधीपासून ताणून ठेवलेल्या असतात, आणि ओझे येताच खालच्या तारांचा ताण तेवढा उतरतो. ताण शिल्लक आहे तोवर चाक अभंग. आपल्या साध्या सायकलीला पुढे ३२ आणि मागे ४० तारा असतात, आणि मणभर वजनाची पोती लादली तरी किलो-दोन किलोंचे ते चाक मोडत नाही. कोव्हेन्ट्रीच्या जेम्स स्टार्लीने १८७४ साली या तारा तुंब्यापासून सरळ न काढता स्पर्शरेषेत, एकमेकींना छेद देत बसविण्याची रचना आणली, आणि तीच आजतागायत चालू आहे.

उंच चाकाच्या सायकलीचा दोष उघड होता. चाकाखाली दगड आला की स्वार डोक्यावरून पुढे फेकला जाई. त्यामुळे ती धाडसी तरुण पुरुषांपुरतीच राहिली, आणि लांब झगे घालणाऱ्या स्त्रियांना तर ती जवळजवळ वर्ज्यच होती. १८८५ साली जेम्स स्टार्लीचा पुतण्या जॉन केम्प स्टार्ली याने साखळीने मागचे चाक फिरविणारी, दोन्ही चाके जवळपास सारखी असलेली रोव्हर सायकल पुढे आणली. लहान दातेरी चक्राने वेग साधता येऊ लागल्यावर मोठ्या चाकाचे प्रयोजनच उरले नाही. परंतु लहान चाकाबरोबर खळग्यांचे धक्के परत आले, आणि त्यांवरचा उपाय तीन वर्षांनी बेलफास्ट शहरात एका पशुवैद्याच्या हातून निघाला. जॉन बॉइड डनलॉप याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीला हवा भरलेली रबरी नळी बसविली. ही कल्पना रॉबर्ट थॉमसन याने १८४५ सालीच नोंदवून ठेवली होती, परंतु तिला योग्य वाहन तेव्हा जन्मलेले नव्हते. या सुखद शोधाची एक काळी बाजूही सांगितली पाहिजे. धावांच्या रबराची मागणी वाढली तेव्हा बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाच्या अंमलाखालील काँगोमध्ये रबर गोळा करविण्यासाठी रयतेवर जे अत्याचार झाले, त्यांनी सारे जग हादरले. यंत्राच्या निर्दोषपणाची ग्वाही देताना त्याच्या कच्च्या मालाचा हिशेबही मांडावा लागतो. आज विजेच्या सायकलींसाठी धातू खणले जात असताना हे ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.

१८९० च्या दशकात सायकल युरोप-अमेरिकेतील मध्यमवर्गीयांच्या आणि लवकरच कामगारांच्या घरी आली. स्त्रिया सोबतीवाचून घराबाहेर पडू लागल्या, आणि त्यांच्या पोशाखावरून वृत्तपत्रांतून वाद झडले. अमेरिकेत १८८० साली स्थापन झालेल्या सायकलस्वारांच्या संघाने चांगल्या रस्त्यांसाठी जी चळवळ उभारली, तिने सरकारदरबारी रस्त्यांचा प्रश्न ऐरणीवर आणला. हे रस्ते पुढे मोटारींच्या स्वाधीन झाले आणि ज्यांनी ते मागून घेतले होते तेच त्यांच्या कडेला ढकलले गेले, ही या इतिहासातील फार मोठी अन्यायाची गोष्ट आहे, आणि ती आपल्या देशातही पुन्हा घडली.

रचनेच्या सुधारणा यानंतरही थांबल्या नाहीत, परंतु त्यांना कधी कधी नियमांनीच रोखले. चढावर साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या गिअरचा प्रसार फ्रान्समधील पॉल द विव्ही यांनी आयुष्यभर केला; पण फ्रान्सच्या सुप्रसिद्ध प्रदक्षिणा-शर्यतीने स्पर्धकांना तो वापरण्याची मुभा १९३७ साली दिली. १९३३ मध्ये फ्रान्सिस फोर हा स्वार उताणे पहुडून चालवावयाच्या सायकलीवर एका तासात ४५ किलोमीटरांहून अधिक अंतर कापून गेला, आणि पुढल्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल-मंडळाने तसली सायकल शर्यतीतून बाद ठरविली. शर्यतीच्या बाहेर मात्र कल्पकता मोकळी राहिली. इंग्लंडच्या अॅलेक्स मोल्टन यांनी १९६२ साली लहान चाके आणि रबरी धक्काशोषक असलेली सायकल काढली. कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यातील तरुणांनी १९७० च्या दशकात जुन्या जाड धावांच्या सायकली डोंगरउतारावर नेऊन डोंगरी सायकलीला जन्म दिला. आणि लंडनच्या अँड्र्यू रिची यांनी आगगाडीत काखोटीस मारून नेता येईल अशी घडीची सायकल सिद्ध केली. खडबडीत रस्ता, रस्ताच नसलेला डोंगर, आणि अर्धा रस्ता रुळांवरचा, अशा तीन निरनिराळ्या वाटांना दिलेली ही तीन उत्तरे होत.

आता आपल्या देशाकडे वळू. आपल्याकडे प्रथम आल्या त्या रॅले, बीएसए, हर्क्युलिस, हंबर अशा विलायती सायकली. स्वातंत्र्याच्या आगेमागे मुंबईत वरळीस हिंद सायकल, मद्रासेत टीआय, आसनसोलला सेन-रॅले, सोनिपतला अॅटलास आणि लुधियान्यास हिरो असे कारखाने उभे राहिले. यांतून निघालेली उंच, काळी, २८ इंची चाकांची सायकल अर्धशतक जवळजवळ बदलली नाही, आणि त्याबद्दल कारखानदारांना बोल लावला जातो. त्यात तथ्य आहे. तरीही त्या रचनेत एक शहाणपण होते. लांब पल्ल्यावर ठेवलेली चाके आणि कललेला फोर्क कच्च्या सडकेचा धक्का मवाळ करीत, साखळीवरचे झाकण धूळ-चिखलापासून आणि धोतराच्या सोग्यापासून तिचे रक्षण करी, आणि दांड्यांचा ब्रेक कोणाही खेड्यातल्या लोहाराला दुरुस्त करता येई. शिवाय ज्या सुधारणा कारखान्यांनी केल्या नाहीत त्या वापरणाऱ्यांनी केल्या. दूधवाल्याने कॅरिअरच्या दोन्ही अंगांना लोखंडी आकडे जोडून किटल्या लटकाविल्या. मुंबईच्या डबेवाल्याने तिच्या दोन्ही बाजूंना डब्यांची झुंबरे चढविली. धारवाल्याने ती स्टँडवर उभी करून पायडलाचा पट्टा सहाणेला जोडला, आणि जागच्या जागी पाय मारीत विळ्या-सुऱ्या पाजळल्या. या कारागिरांची नावे कोणत्याही पेटंटच्या दप्तरात नाहीत, परंतु सायकलीच्या रचनेचा इतिहास लिहिताना त्यांना वगळणे हा कृतघ्नपणा होईल.

पराक्रमाचीही परंपरा आपल्याकडे आहे. १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले, आणि त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा हे तिघे इराण, अरबी वाळवंटे, युरोप, अमेरिका, जपान आणि चीन पालथे घालून १९२८ च्या मार्चमध्ये घरी परतले. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाटाचा चढ प्रथम जिंकणाऱ्या स्वारास ‘घाटाचा राजा’ म्हणून मिळणारा मान हाही याच परंपरेतला.

परंतु संस्कृती पराक्रमावर जगत नाही, ती नित्याच्या व्यवहारावर जगते. आणि असा व्यवहार पाहावा तो पुण्यात. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पाळी सुटली की सायकलींचा लोंढा वाहू लागे. कचेऱ्यांतील कारकून, महाविद्यालयांतील विद्यार्थी, पदर खोचून निघालेल्या शिक्षिका आणि परिचारिका, सारे याच वाहनावर. पेठेपेठेतून ताशी भाड्याने सायकल देणारी दुकाने होती, आणि नळीच्या खालून पाय घालून अर्धे पायडल मारीत मुले तेथल्याच सायकलींवर शिकत. नगरपालिकेचा वार्षिक कर भरून घेतलेला धातूचा बिल्ला सायकलीला लावावा लागे, अंधार पडल्यावर दिवा नसेल तर पोलीस अडवी, आणि डबलसीट जाणाऱ्यास दंड होई. हे निर्बंध तेव्हा जाचक वाटत, पण त्यांचा एक अर्थ आज अधिक स्पष्ट दिसतो. ज्याच्याकडून कर घेतला जातो त्याची दप्तरी नोंद असते, आणि ज्याची नोंद असते त्याचे अस्तित्व सरकारला नाकारता येत नाही. बिल्ले गेले, त्यांच्याबरोबर शहरात सायकलीने जाणारे किती, कोठून कोठे जातात, हे ठाऊक असण्याची जबाबदारीही निघून गेली.

१९७० च्या दशकापासून लुना, स्कूटर व मोटारसायकल आल्या, शहर पसरले, अंतरे वाढली. माणसाने कष्ट कमी करणारे वाहन घ्यावे यात काही गैर नाही, आणि त्यासाठी कोणास दोष देण्याची माझी इच्छा नाही. दोष आहे तो रस्ता एकाच प्रकारच्या वाहनासाठी बांधण्याच्या धोरणात. रस्ते रुंद झाले, एकमार्गी झाले, त्यांवर उड्डाणपूल चढले. आणि सायकलींसाठी जे मार्ग आखले गेले ते मध्येच तुटणारे, खांबांनी अडलेले व उभ्या मोटारींनी व्यापलेले राहिले. पुणे महानगरपालिकेने २०१७ साली सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. कागदावर तो उत्तम आहे, उणीव आहे ती अंमलबजावणीची. आज आपल्या शहरांत दोन प्रकारचे सायकलस्वार उरले आहेत. रविवारी पहाटे कार्बनच्या हलक्या सायकलींवर सिंहगडाची वाट धरणारे हौशी, आणि रोज पहाटे त्याच रस्त्यावरून कामाला जाणारे पहारेकरी, गवंडी, माळी व वृत्तपत्रवाटप करणारी मुले. पहिल्यांची सायकल सर्वांना दिसते, दुसऱ्यांची कोणालाच दिसत नाही. वास्तविक रस्त्यावरील हक्काचा खरा दावेदार हा दुसराच आहे.

हे असेच व्हावयाचे होते काय? हॉलंडचे उदाहरण याला ‘नाही’ असे उत्तर देते. तो देश उपजतच सायकलींचा आहे, अशी आपली समजूत असते. परंतु तेथेही महायुद्धानंतर मोटारींसाठी रस्ते मोकळे करण्यात आले, सायकली घटल्या, आणि १९७१ या एका वर्षात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांत चारशेंहून अधिक मुले होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले, बालहत्या थांबवा अशी घोषणा झाली, १९७३ च्या तेलटंचाईने त्या मागणीस बळ दिले, आणि नगरामागून नगर आपल्या रस्त्यांची फेरमांडणी करीत गेले. आज त्या देशात एकूण फेऱ्यांपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक सायकलीने होतात. आणि माझ्या प्रमेयाचा सर्वांत बळकट पुरावा हा, की तेथे शाळकरी मुले आणि मंत्री ज्या सायकलीवर जातात ती ताठ बसावयाची, साखळीवर झाकण, चिखलपाखे आणि कॅरिअर असलेली, म्हणजे आपण अडगळीत टाकलेल्या काळ्या सायकलीची सख्खी बहीणच आहे. फरक यंत्रात नाही, रस्त्यात आहे.

आपल्या देशातही रस्ता अनुकूल असेल तेथे सायकल काय करू शकते, याचे दाखले आहेत. तामिळनाडूतील पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या आरंभी साक्षरतेच्या चळवळीने हजारो ग्रामीण स्त्रियांना सायकल शिकविली, आणि बाजार, विहीर, शाळा व दवाखाना यांच्यासाठी पुरुषाची वाट पाहणे संपले. बिहार सरकारने २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकली देण्याची योजना काढली. अर्थशास्त्रज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी तिचा अभ्यास केला तेव्हा असे आढळले की मुलींची माध्यमिक शाळांतील नावनोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली आणि मुलगे व मुली यांच्यातील अंतर ४० टक्क्यांनी घटले. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून गरजू मुलींना सायकली मिळतात. पण या मुलीची वाट गाडीरस्त्यावरून निघून भरधाव मालमोटारींच्या महामार्गाला जेथे मिळते, तेथे तिच्यासाठी आपण काय केले आहे, हा प्रश्न प्रत्येक तालुक्यात विचारण्याजोगा आहे.

श्रोतेहो, यंत्राकडून जे व्हावयाचे होते ते बहुतांशी झाले आहे. ओझ्याच्या सायकलीला विजेची जोड, वृद्धांना सोसेल अशी बैठक, स्वस्त आणि टिकाऊ गिअर, ही कामे बाकी आहेत व ती आपले कल्पक तरुण करतील, असा मला भरवसा आहे. परंतु सायकलीचा शोध रस्त्यावाचून पुरा होत नाही, आणि हा उरलेला अर्धा शोध कारखान्यात लागणारा नाही, तो नगरपालिकेच्या सभागृहात लागावयाचा आहे. त्यासाठी अवाढव्य प्रकल्प नकोत. प्रत्येक शाळेभोवतीच्या दोन किलोमीटरांच्या टापूत अखंड व सुरक्षित सायकलमार्ग, चौकात सायकलीला आधी निघण्याची सोय, वाटेवर सावली, स्थानकाबाहेर सायकल ठेवावयास राखलेली जागा, आणि पंक्चर काढणाऱ्या कारागिराला हुसकावून न लावता त्याला पदपथाच्या कडेला दिलेला अधिकृत कोपरा, एवढ्या तरतुदी कोणत्याही नगराच्या आवाक्यातल्या आहेत. वहिवाट सिद्ध होते ती वापराने, आणि वापर टिकतो तो संरक्षणाने. शंभर वर्षांची सायकलीची वहिवाट या शहरांच्या रस्त्यांवर आहे, ती आपल्या डोळ्यांदेखत बुडू द्यावयाची की दप्तरी नोंदवून घ्यावयाची, याचा निवाडा आपण नागरिकांनीच करावयाचा आहे. पुढील अंदाजपत्रकाच्या वेळी आपल्या प्रभागातून ही मागणी लेखी जावी आणि ती मंजूर होईपर्यंत आपण तिचा पाठपुरावा सोडू नये, एवढीच माझी विनंती आहे.